काळ्या खुंटापलीकडे

उकळत्या चहात निलगिरीचे पान पडले की एक वास उठतो. तो धड चहाचा नसतो, धड औषधाचाही नसतो; सर्दी झालेल्या लेकराच्या छातीला चोळलेले तेल आणि दूर कुठेतरी पेटलेला पाचोळा यांच्या मधोमध तो तरंगत राहतो. आजही इंदिरानगरातल्या माझ्या गॅलरीखाली माळी सुकी पाने पेटवतो तेव्हा मी हातातले पुस्तक मिटते आणि धूर ओसरेपर्यंत बसून राहते. हा वास आमच्या घरात ज्या माणसाबरोबर आला, त्याच्यावर घरातल्या कुणाचाच विश्वास नव्हता. निदान मला तेव्हा तसे वाटत असे.

इंदिरानगर त्या काळी वसलेले नव्हते, नुसते आखलेले होते. फक्कीने ओढलेल्या रेघा, रेघांमध्ये उगवलेले गवत, गवतात अधूनमधून उभे एखादे नवे घर आणि कडेने निलगिरीची लांबच लांब रांग. नळ बसले होते, पण त्यांना पाणी आले नव्हते. गल्लीच्या तोंडाशी टँकर येई आणि त्याच्याभोवती हंडे, कळश्या, बादल्या आणि बायका यांचे कडे पडे. कॉलेजात मी कविता शिकत होते, आणि लघु-गुरूची कानाला इतकी सवय जडली होती की टँकरवरची भांडणेही मला वृत्तात ऐकू येत. गल्लीतली प्रत्येक बातमी आधी तिथे पोहोचायची आणि मग घरोघर जायची. कुणाचे लग्न मोडले, कुणाची बदली झाली, हे त्या त्या घराला अनेकदा पाण्याबरोबरच कळायचे.

घरात आम्ही चौघे. आप्पा एका कारखान्यात स्टोअर सांभाळत, आई शिवणकाम करी, आणि स्वयंपाकघर आत्याच्या हाती होते. आत्या आप्पांची थोरली बहीण. लग्नानंतर वर्षभरातच माहेरी परतलेली. आमचे मूळ गाव सायखेडा. माझी आजी लवकर गेली, आप्पा शिक्षणासाठी नाशिकच्या वसतिगृहात आले, आणि धाकट्या दत्तूला गावी आत्यानेच वाढवले. हा दत्तूकाका मी कधी पाहिला नव्हता. मिसरूड फुटते न फुटते तोच तो मुंबईला पळाला, जहाजावर खलाशी झाला, ऑस्ट्रेलियाच्या कुठल्याशा बंदरात उतरला तो पुन्हा जहाजावर चढलाच नाही. त्यानंतर शब्द नाही. रीतीप्रमाणे बारा वर्षे वाट पाहून घरच्यांनी दर्भाचा दत्तू करून त्याला अग्नी दिला, आणि बिनलग्नाचा, तरणाबांड गेला म्हणून देव्हाऱ्यात त्याचा टाक बसवला.

आमच्याकडे अशा गेलेल्यांना वीर म्हणतात. चांदीच्या पत्र्यावर उठवलेली बोटभर आकृती. धुळवडीच्या दिवशी तिला खोबऱ्याच्या वाटीत ठेवायचे, लाल फडक्यात बांधायचे, आणि घरातल्या पुरुषाने ती छातीशी धरून संबळाच्या तालावर नाचवत गोदावरीवर न्यायची. नदीत वीराला स्नान घालून पुन्हा देव्हाऱ्यात आणायचे. दत्तूकाकाचा टाक सगळ्यांत नवा, म्हणून सगळ्यांत चकचकीत. बाकीचे वीर आई घासत असे. त्याला मात्र आत्या कुणाला हात लावू देत नसे. चिंचेचा कोळ लावून अंगठ्याने चोळत बसे, लहान मुलाचे नाक पुसावे तशी.

तर असा, वीर झालेला दत्तू एका दुपारी टँकरवर अवतरला. रुंद कडांची टोपी, उन्हाने रापून चामड्यासारखी झालेली मान, पत्र्याची एक पेटी. दत्तूच्या घरच्यांचा पत्ता त्याने पाणी भरणाऱ्या बायकांना विचारला. तो आमच्या फाटकाशी पोहोचण्याआधीच बातमी पोहोचली होती: दत्तू आला. आत्या बाजरीच्या पिठाने माखलेल्या हातांनी धावत बाहेर गेली आणि तिने त्या माणसाचे तोंड दोन्ही तळव्यांत धरले. काहीतरी सांगायला त्याने तोंड उघडले होते. ते तसेच मिटले. गालांवर पिठाचे ठसे घेऊन तो पायऱ्या चढला, पायपुसण्यावर आधी एक पाय पुसला, मग दुसरा, आणि आत आला.

दुसऱ्याच दिवशी मागच्या अंगणात तीन विटा मांडल्या गेल्या. दुधाच्या पावडरीच्या रिकाम्या डब्याला त्याने तारेची कडी लावली, त्यात चहा उकळला, निलगिरीचे एक पान चुरगाळून टाकले, आणि मग कडी धरून तो उकळता डबा खांद्यापासून हात फिरवत गोल गोल गरगरवला. थेंबही सांडला नाही. चहापत्ती तळाशी बसते म्हणे त्याने. आई दारातून पाहत होती. तिने साडीचा पदर आवळून घेतला. त्या डब्याला तिकडे ‘बिली’ म्हणतात, असे तो मला म्हणाला. मी कारण विचारले. तिथून आमची ती विलक्षण शिकवणी सुरू झाली.

कवितेच्या विद्यार्थिनीला याहून मोठी मेजवानी कोणती? सकाळी कॉलेजात मी अलंकार शिकत असे आणि दुपारी विटांच्या चुलीपाशी, दूरच्या एका राकट देशाची बोली. तिकडे सगळ्या जगालाच ‘ती’ म्हणतात: पाऊस लांबला, कुंपण पडले, पाय मोडला, तरी ‘शी’ल बी राइट’, ती होईल ठीक. हे ऐकून आत्या भाकरी थापता थापता म्हणाली, “म्हणजे तिकडंसुद्धा सगळं बायकांवरच सोडलंय.” कष्टाला ‘यॅका’ म्हणतात, तो शब्द गोऱ्यांचा नव्हे, तिथल्या मूळच्या माणसांचा, जमिनीबरोबर घेतलेला. आणि लाल केसांच्या माणसाला हाक मारतात ‘ब्लूई’, निळ्या. का, ते कुणालाच नक्की सांगता येत नाही. शिवणयंत्राचे चाक हाताने थांबवून आई मला हळूच म्हणाली, “जिथं तांबड्याला निळं म्हणतात, तिथून आलेल्या माणसाचं काय खरं धरायचं?”

आईच्या मनात जे कुजबुजत होते ते आप्पा उघड बोलत. सायखेड्याच्या आमच्या नदीकाठच्या जमिनीचा सौदा त्याच वर्षी ठरत होता. इतकी वर्षे ज्याला घर आठवले नाही त्याला ते नेमके आताच कसे आठवले, हा त्यांचा प्रश्न होता. ते मुद्दाम जेवताना गावच्या गोष्टी काढत. विहिरीजवळचे झाड कसले होते? दत्तूकाका अचूक सांगे. बैलांची नावे? अचूक. गावच्या शाळेत गुरुजींनी कुठल्या कानाला धरून उभे केले होते, तेही. आप्पांचा संशय त्याने कमी व्हायचा तर वाढतच गेला. ते म्हणत, मला स्वतःला माझ्या लहानपणाचे इतके आठवत नाही. पाठ केल्याशिवाय माणसाला इतके आठवत नसते.

माझा संशय निराळ्या वाटेने आला. ‘डिंकम’ म्हणजे खरे, अस्सल. पहिल्यांदा त्याने सांगितले की सोन्याच्या खाणींवर आलेले चिनी मजूर अस्सल सोन्याला जे म्हणत, त्यावरून तो शब्द आला. पंधरवड्याने मी पुन्हा विचारले तर म्हणाला, छे, इंग्लंडातल्या कोळशाच्या खाणकामगारांचा तो शब्द, त्याचा मूळ अर्थ दिवसभराचे काम. ‘खरे’ या शब्दाच्याच दोन जन्मकथा! मग मी जाळे टाकू लागले. तिकडे फार दूरच्या, रस्ते संपल्यावरच्या मुलखाला ‘बियाँड द ब्लॅक स्टम्प’ म्हणतात, काळ्या खुंटापलीकडे. तो खुंट कुठला? एकदा उत्तर आले, मोजणी करणाऱ्यांनी सपाट माळावर खूण म्हणून धरलेला जळक्या झाडाचा बुंधा. त्यापुढे नकाशा नाही. दुसऱ्यांदा उत्तर आले, एका गुत्त्याजवळचा खुंट, जिथे बैलगाडीवाले शेवटचा मुक्काम करत. तिसऱ्यांदा मी विचारले तेव्हा त्याने काडीने विटांमधला विस्तव उकरला. एक गाडीवान संध्याकाळी मुक्कामावर परतला, म्हणाला. मागे ठेवलेल्या माणसाने स्वयंपाकासाठी जाळ केला होता, वारा सुटला होता. गाडीवानाला लांबून वाटले, जळका खुंट उभा आहे. एवढे सांगून त्याने डब्यातला सगळा चहा मातीत ओतला आणि उठून गेला.

त्यातली खरी कोणती, असे मी दुसऱ्या दिवशी विचारले. “तिन्ही,” तो म्हणाला. “ज्या गावाला विचाराल ते गाव म्हणतं, खुंट आमचाच.” पुढे नोकरीच्या काळात ग्रंथालयात बसून मी जाडजूड कोश उलगडले, आणि हसावे की रडावे कळेना, कोशांचेही तेच म्हणणे होते. अनेक गावे त्या खुंटावर हक्क सांगतात, आणि ‘डिंकम’च्या चिनी सोन्यावर विद्वानांचा विश्वास नाही, पण लोकांचा आहे. शब्दांना जन्मदाखला नसतो. हे आज मला शांतपणे लिहिता येते. तेव्हा मात्र मला एवढेच दिसत होते की हा माणूस एका गोष्टीची तीन मुळे सांगतो, मग स्वतःचे मूळ कितव्यांदा सांगतो आहे? त्यातच एके दिवशी गरम डबा मी उघड्या हाताने धरायला गेले आणि तो घाईने म्हणाला, “जपा, गरम शे.” शे! ‘आहे’ला ‘शे’ म्हणतात ते बागलाणात; सायखेड्यात वाढलेल्या माणसाच्या तोंडी ते कुठून यावे? मी हात मागे घेतला. मान वर केली तेव्हा दारात आत्या उभी होती, आणि तिनेही ते ऐकले होते. ती आत वळली आणि शेंगोळ्यांसाठी हुलग्याचे पीठ मळू लागली. तिची हालचाल जराही बदलली नाही.

त्या दिवसापासून मी त्याला सोडून आत्यावर पाळत ठेवली. आणि मला दिसले की ज्याचे तोंड तिने दोन्ही हातांत धरले होते, त्याला त्यानंतर तिने एकदाही दत्तू म्हटलेले नव्हते. ती त्याला अरे म्हणत नसे, अहोही म्हणत नसे. “जेवायला वाढलंय.” “पाणी तापलंय.” “सदरा वाळलाय.” वाक्ये अशी बेतलेली की ज्याच्याशी बोलायचे तो त्यांत येऊच नये. एखाद्या कवीने एक अक्षर टाळून अख्खी कविता रचावी, तसे ते आठवडेच्या आठवडे चालले होते. खायला मात्र ती त्याला सगळ्यांच्या आधी वाढी. सगळ्यांत मऊ गोधडी त्याची. मला काहीच जुळवता येत नव्हते.

आणि एक गोष्ट होती जी तो कधीच बदलत नसे. मोठ्या लढाईच्या काळात छावणीत लोखंडी पाणगाड्या असत. त्यांवर कारखानदाराचे आडनाव ठळक अक्षरांत ओतलेले असे. दमलेले शिपाई पाण्यासाठी त्या गाडीभोवती जमत आणि ऐकलेले, न ऐकलेले सांगत बसत. म्हणून तिकडे उडत्या बातमीला त्या आडनावानेच ओळखतात. ही कथा त्याने मला कितीदा तरी सांगितली, दर वेळी त्याच शब्दांत, आणि दर वेळी सांगताना तो गल्लीच्या तोंडाशी उभ्या असलेल्या टँकरकडे पाहत असे. कवितेत सूचकता कशी असते हे मी तेव्हा परीक्षेसाठी पाठ करत होते. समोर कुणी सूचक बोलत असेल, हे मला सुचले नाही.

होळी जवळ आली. त्याला वीराचे काहीच सांगायचे नाही, असे आप्पांनी आम्हाला पहिल्याच दिवशी बजावले होते, आणि देव्हाऱ्याचा तो कोनाडा पडद्याने झाकलेला होता. होळीच्या सकाळी आप्पांनी आईला आणि मला स्वयंपाकघरात बोलावले. आत्या मागे कपडे वाळत घालत होती. आप्पांचा आवाज मी तसा पुन्हा कधी ऐकला नाही.

“उद्या दत्तूचा वीर त्याच्याच हातात द्यायचा. कुणाचा, ते सांगायचं नाही,” ते म्हणाले. “तो काय करतो ते बघू नका. अक्का काय करते ते बघा.”

आईने तोंडावर हात ठेवला. जिवंत माणसाच्या हाती त्याचाच वीर देणे म्हणजे त्याला जितेपणी तिरडी बांधायला लावणे. आमच्याकडे शत्रूशीही कुणी असे वागणार नाही. हा माणूस आपला दत्तू आहे असे आत्या तिळभर जरी मानत असेल, तर ती टाकावर झडप घालील, आडवी पडेल. आणि न घालील तर? त्या रात्री मला होळीच्या बोंबाही ऐकू आल्या नाहीत. आत्याचा भाऊ तिला परत मिळणार की दुसऱ्यांदा जाणार, हे उद्या एका खोबऱ्याच्या वाटीवर ठरायचे होते.

सकाळी संबळवाला फाटकाशी आला. आप्पांनी सगळ्यांत जुना वीर स्वतः घेतला, आणि नव्याकडे हात करून, कमालीच्या साधेपणाने, म्हणाले, “अक्का, तो त्याच्याकडं दे.” मी आत्याच्या चेहऱ्याकडे पाहत होते. आई पाहत होती. आप्पा पाहत होते. आत्याने पडदा बाजूला केला, टाक उचलला, अंगठ्याने एकदा पुसला, वाटीत ठेवला, लाल फडक्याची गाठ बांधली. मग ती त्या माणसासमोर जाऊन उभी राहिली आणि दोन्ही हातांनी ती वाटी तिने त्याच्या छातीशी धरली. तिने झडप घातली नाही, ती आडवी पडली नाही. त्याने डोक्यावरची टोपी काढून खाली ठेवली आणि मगच वाटी घेतली. कुणी न सांगताही कुणाचा वीर आपल्या हाती आला आहे हे त्याला कळले होते.

रामकुंडावर त्या दिवशी पाऊल ठेवायला जागा नव्हती. हळद, गुलाल, ओल्या दगडांचा शेवाळी वास, आणि शेकडो घरांचे वीर एकाच वेळी नाचत असल्याने संबळाचा नाद पायांतून वर चढत होता. तो सगळी वाट नाचत आला, अवघडून, मान खाली घालून. पाण्यात शिरल्यावर त्याने गाठ सोडली, टाक ओंजळीत घेतला, आणि ज्या हळुवारपणाने त्याने त्याला पाणी घातले, ते पाहून शेजारची अनोळखी माणसेही बाजूला सरली. मग तो पायरीवर बसला, ओला, टाक मुठीत धरून, आणि आप्पांना म्हणाला, “मी दत्तू नाय.”

आप्पांनी मान हलवली, जणू एखादी जुनी पावती मिळाली. त्याने आपले नाव सांगितले, बागलाणातल्या, सटाण्याकडच्या आपल्या गावाचे नाव सांगितले. ते नाव मी इथे लिहीत नाही. आमच्या घरात ते कधी कुणी वापरले नाही. तो आणि दत्तू एकाच जहाजावरून उतरले, काळ्या खुंटापलीकडे मैलोन् मैल तारेची कुंपणे ठोकत फिरले. रिकाम्या माळावर बोलायला विषय उरत नाहीत, तेव्हा माणूस विहिरीजवळचे झाड, बैलांची नावे, गुरुजींनी धरलेला कान सांगत बसतो. एका उन्हाळ्यात हा खिळे-तार आणायला गेला होता, दत्तू मुक्कामावर चहा ठेवत होता, आणि वारा सुटला. पुढचे मला आधीच सांगून झाले होते. ती तिसरी कथा, लांबून दिसलेल्या जळक्या खुंटाची.

“सांगायलाच आलतो,” तो म्हणाला. “बाईंनी तोंड धरलं. मग नाय सांगता आलं.”

आप्पांनी तरीही विचारले, “आणि जमीन?”

तो गोंधळून त्यांच्याकडे पाहू लागला. “कोणती जमीन?”

आम्ही परतलो तेव्हा आत्या शेंगोळे वळत बसली होती. हुलग्याचा आणि लसणाचा वास घरभर होता. आप्पा आतल्या खोलीत गेले. तो मागच्या दाराने अंगणात गेला आणि विटांपाशी बसला. पत्र्याची पेटी त्याने बाहेर काढून ठेवली होती. मी आत्याजवळ खाली बसले आणि विचारले, तुला केव्हापासून ठाऊक होते?

“आला त्याच दिवशी. दारात पाय पुसले त्यानं,” ती म्हणाली. “दत्तूनं जन्मात कधी पाय पुसले नाहीत. चिखलासकट यायचा.”

मग विचारलेस का नाहीस, असे मी म्हणाले. माझ्या आवाजात राग होता. इतके आठवडे आम्ही सगळे एकमेकांवर नजर ठेवून जगलो होतो.

तिने हातातला शेंगोळा ताटात ठेवला. “विचारलं असतं तर त्याला सांगावं लागलं असतं. एकदा दत्तूला दर्भाचा करून जाळलाय मी. पुन्हा कशाला?” मग पुढचा शेंगोळा वळायला घेत ती आपणहून म्हणाली, “आणि आज वीर त्याच्याकडं दिला तो आप्पानं सांगितलं म्हणून नाही. शेवटी जवळ कोण होतं त्याच्या? आपल्यातलं होतं का कुणी? तो मान त्याचाच.”

परवा माझ्या मावसबहिणीच्या नातीचा मेलबर्नहून व्हिडिओ कॉल आला होता. ती तिथे शिकते, आणि तिच्या बोलण्यात ती आळसावलेली, शब्दांची शेपटे छाटणारी लय उतरू लागली आहे. काळा खुंट तिला ठाऊक नव्हता. तिच्या मैत्रिणींनाही नाही. ते शब्द आता तिकडेही म्हातारे झाले असावेत, आणि त्यांतले काही बहुधा माझ्याच तोंडात जास्त काळ टिकले असावेत. मी तिला एक खुंट सांगितला, मोजणीवाल्यांचा. बाकीचे दोन सांगितले नाहीत.

त्या धुळवडीच्या संध्याकाळी बाहेर विटांमध्ये पाने तडतडू लागली आणि तो वास खिडकीतून आत आला. आत्याने पाट मांडले, नेहमीइतकेच, पाच. म्हणाली, जा, त्याला जेवायला बोलाव. मी मागच्या दारापर्यंत गेले आणि थांबले. इतके दिवस मी ज्याला दत्तूकाका म्हणत होते तो टाक होऊन नुकताच देव्हाऱ्यात परतला होता, आणि ज्याला बोलवायचे त्याचे खरे नाव माझ्या जिभेला परके होते. मी मागे वळून आत्याला विचारले, काय म्हणून हाक मारू? ती वाढत होती. मान वर न करता ती म्हणाली,

“काका.”